दर तासाच्या सतराव्या मिनिटाला

ताईची तक्रार एका वाक्यात मावत होती: "माझं नेट मधेच जातं आणि मधेच येतं." तीन आठवडे हे चालू होतं. ती घरूनच संगणकावर गणिताचे वर्ग घेते. शिकवणं रंगात आलं की समोरच्या मुलांची चित्रं गोठायची, आवाज तुटायचा, आणि पाच-सात मिनिटांनी कोणी काही न करता सगळं पुन्हा सुरळीत. तिचा फोन त्याच टेबलावर, त्याच वायफायवर असायचा. त्याला मात्र कधी काही झालं नाही.

प्रकरण माझ्याकडे येईपर्यंत त्यावर बरेच हात फिरून गेले होते. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन राउटर बदलून गेला होता. एका विद्यार्थ्याने फोनवरून सांगून वायफायचा चॅनल, म्हणजे पट्ट्यातली बोलायची जागा, ६ चा ११ करवला होता. ताईने स्वतः वायफायचा ड्रायव्हर नवीन घातला होता. आणि गंमत अशी की यातला प्रत्येक उपाय लागू पडला होता! राउटर बदलला तो दिवस चांगला गेला, चॅनल बदलल्यावर एक सकाळ चांगली गेली. अधूनमधून येणारा बिघाड असाच फसवतो. तो आपला आपण जातो, आणि जाताना ज्याचा हात यंत्रावर असेल त्याला श्रेय देऊन जातो. म्हणून पहिल्या दिवशी एकही सेटिंग बदलायचं नाही, फक्त बघत बसायचं, असं मी ठरवलं. ताईला ते फारसं रुचलं नाही. "तू नुसता बसणार असशील तर मीच बसले असते की," ती म्हणाली.

बघायचं काय, तर रस्ता कुठे तुटतो ते. घरातल्या वायरलेस इंटरनेटचे दोन टप्पे असतात: संगणकापासून राउटरपर्यंत हवेतून, आणि राउटरपासून पुढे कंपनीच्या तारेतून. "नेट गेलं" या दोन शब्दांत दोन्ही टप्पे एकत्र होतात आणि तिथेच तपास भरकटतो. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा द्यायच्या खिडकीत, मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. दर दोन सेकंदांनी ती राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, एक पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, करायची आणि बाहेर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला दुसरा, आणि दोन्ही उत्तरं घड्याळाच्या वेळेसकट फाइलमध्ये लिहायची. विंडोजचा साधा पिंग वेळ छापत नाही, आणि वेळेशिवाय या नोंदींना काही अर्थ नसतो, म्हणून हा खटाटोप.

दुपारी पहिला झटका सापडला. फाइलमध्ये तो असा दिसत होता: १४:१७:०४ पर्यंत राउटरची उत्तरं २-३ मिलिसेकंदांत येत होती. १४:१७:१० ला एकदम ३८. मग ४१०. मग उत्तर नाही, उत्तर नाही, १२००, पुन्हा उत्तर नाही. १४:२३:४८ ला परत ३, जणू काही झालंच नव्हतं. बाहेरच्या पिंगचा रकाना बरोबर त्याच सेकंदाला बिघडला आणि त्याच सेकंदाला सावरला. बाहेरचा रस्ता तुटला असता तर राउटर तरी झटपट उत्तर देत राहिला असता. तो देत नव्हता, म्हणजे घोटाळा घरातच, संगणक आणि राउटर यांच्यामधल्या काही मीटर हवेत. ताईने ग्राहक सेवेच्या फोनवर घालवलेले तास फुकट गेले होते. हे मी तिला जरा बेतानेच सांगितलं.

आता दुसरी विचित्र गोष्ट. पिंग मरत असताना खाली कोपऱ्यात वायफायच्या चिन्हाच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. कमांडच्या काळ्या खिडकीत विंडोजला वायरलेस जोडणीचा तपशील विचारता येतो. तिथे चॅनल, सिग्नलची टक्केवारी आणि त्या क्षणीचा वेग दिसतो. सिग्नल ८६ टक्के होता. वेग मात्र सेकंदाला १४४ मेगाबिटवरून १३ वर आला, मग ६.५ वर.

दांड्या भरलेल्या आणि बोलणं बंद, हे ज्यांना कोड्यासारखं वाटतं त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. दांड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा आवाज किती मोठ्याने ऐकू येतोय. आजूबाजूला गोंगाट किती आहे, ते त्या सांगत नाहीत. शेजारी बसलेला माणूस मोठ्याने बोलत असला तरी कानाशी ड्रिल मशीन सुरू झाली तर एक शब्द कळत नाही, तसंच हे. वायफायमध्ये तर एकाच उपकरणाला उद्देशून पाठवलेल्या प्रत्येक पाकिटाची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पोच द्यावी लागते. राउटरने पाकीट पाठवलं आणि संगणकाला ते गोंगाटात ऐकू आलं नाही, तर पोच जात नाही. पोच नाही म्हणून राउटर तेच पाकीट पुन्हा पाठवतो, आणि समोरच्याला कळावं म्हणून सावकाश बोलू लागतो. वेग १४४ वरून ६.५ वर येतो तो असा. उलट दिशेनेही सुटका नाही. संगणकाने पाठवलेलं राउटरला नीट पोचलं तरी राउटरची पोच संगणकाला ऐकू येत नाही, म्हणून संगणकही तेच तेच पाठवत राहतो.

म्हणजे कुठेतरी ड्रिल मशीन होती. ती संगणकाच्या कानाशी होती, कारण हातभर अंतरावरचा फोन मजेत चालत होता. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात धुमाकूळ घालतो, हे खरं.  पण दुपारी सव्वादोनला तो बंदच होता, मी स्वतः जाऊन पाहिलं.

मग मी ताईची वही मागितली. ती वर्गाच्या नोंदींच्या समासात, वैतागून, "नेट गेलं" असं वेळेसकट लिहीत असे. मी ती पानं दोनदा चाळली. ११:१९, २:२०, ५:१८, दुसऱ्या दिवशी फक्त १२:१९, तिसऱ्या दिवशी काहीच नाही, चौथ्या दिवशी १०:१८ आणि ४:२१. पहिल्या वाचनात मला त्यात काही ताळमेळ दिसला नाही. सकाळी होतं, दुपारी होतं, एखादा दिवस होतच नाही. मी तासांकडे बघत होतो. दुसऱ्यांदा चाळताना मिनिटांकडे लक्ष गेलं आणि हसू आलं. नेट जायची वेळ कोणत्याही तासाची असो, मिनिटं १८ ते २१ च्या आतच होती. नेट गेलंय हे कळून पेन उचलेपर्यंत एक ते चार मिनिटं जाणारच. माझ्या फाइलमधला झटकाही १७ व्या मिनिटाचा.

घड्याळाच्या काट्यावर चालणारा बिघाड हवेतला योगायोग नसतो. त्यामागे कुणीतरी घड्याळ लावलेलं असतं. प्रश्न एवढाच, ते घड्याळ कुठे आहे?

दर तासाला होणाऱ्या गोष्टींमध्ये दोन जुने संशयित आहेत. एक, राउटरची सामाईक किल्ली. वायफायवर सगळ्यांना एकदम पाठवायचे संदेश ज्या किल्लीने कुलूपबंद होतात ती राउटर ठरावीक काळाने बदलतो, आणि बऱ्याच राउटरमध्ये तो काळ ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असतो. एखाद्या उपकरणाला नवी किल्ली वेळेत घेता आली नाही की ते बाहेर फेकलं जातं. दुसरा संशयित आयपी पत्त्याची, म्हणजे नेटवर्कवर संगणक ओळखायच्या आकड्याची, मुदत. राउटर हा पत्ता भाड्याने दिल्यासारखा देतो, आणि मुदत निम्मी सरली की संगणक नूतनीकरण मागतो. मुदत दोन तासांची असेल तर दर तासाला ही मागणी जाते.

दुसरा संशयित एका मिनिटात सुटला. पत्त्याची मुदत २४ तासांची निघाली, म्हणजे नूतनीकरण १२ तासांनी. पहिल्यासाठी मी ३:४० ला राउटर बंद करून चालू केला. किल्लीचं घड्याळ राउटरमध्ये असतं. राउटर नव्याने सुरू झाला की ते घड्याळही नव्याने सुरू होतं, आणि झटका ४:१७ ऐवजी ४:४० च्या सुमाराला यायला हवा. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. ४:१७ ला वेग कोसळला.

घड्याळ राउटरमध्ये नव्हतं. मग उरला संगणकच.

विंडोजमध्ये टास्क शेड्युलर नावाची एक जागा आहे, फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. संगणक कोणकोणती कामं परस्पर, वेळ लावून करतो त्याची यादी तिथे असते. पुढची वेळ या रकान्यात ५:१७ शोधायला फार वेळ लागला नाही. ते बॅकअपचं काम होतं. ताईने तीन आठवड्यांपूर्वी बाहेरची एक हार्ड डिस्क आणली होती, तिच्याबरोबर आलेला प्रोग्रॅम टाकला होता, आणि तो पहिल्यांदा चालवला सकाळी ११:१७ ला. तेव्हापासून तो इमानेइतबारे दर तासाला धावत होता.

"अगं, तीन आठवड्यांत काही बदललंय का, असं मी तुला विचारलं होतं ना?"

"डिस्कचा आणि नेटचा काय संबंध?" ती म्हणाली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस बिघाडाशी संबंधित वाटणाऱ्या गोष्टीच सांगतो. प्रश्न विचारणाऱ्यानेच "नेटमध्ये काय बदललं" असं न विचारता "घरात नवीन काय आलं" असं विचारायला हवं होतं.

बिघाड कधी व्हायचा आणि कधी नाही, तेही आता उलगडलं. बॅकअप फक्त बदललेल्या फाइलींचा होतो. ज्या तासात ताईने काही केलं नाही त्या तासात काम चार सेकंदांत आटपायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ज्या तासात वर्गाचं चित्रीकरण झालं असेल त्यानंतर कित्येक गिगाबाइट डिस्कवर ओतले जायचे, आणि तेवढा वेळ नेट मान टाकायचं. म्हणजे ती शिकवत असायची तेव्हाच ते नेमकं जायचं. नशीब खोटं आहे, असं ती समजून चालली होती.

पण डिस्कवर फाइल उतरवताना वायफाय का मरावं? प्रोग्रॅम गुपचूप इंटरनेटवर काही चढवतोय, असा माझा पहिला अंदाज होता. टास्क मॅनेजर उघडला तर नेटवर्क जवळजवळ शून्यावर, प्रोसेसर १० टक्क्यांच्या आसपास. मग एक लांब तार आणून संगणक थेट राउटरला जोडला आणि बॅकअप हाताने सुरू केला. तारेवरचं नेट ठणठणीत. पिंग ओळीने १ मिलिसेकंद. संगणक थकत नव्हता, प्रोग्रॅम नेट खात नव्हता. बाधत होतं ते फक्त हवेतल्या बोलण्याला.

शेवटी मी टेबलाखाली वाकून टॉर्चच्या उजेडात सीपीयूची मागची बाजू पाहिली. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पाठ भिंतीकडे, भिंतीपासून चार बोटं अंतर. एकाखाली एक दोन निळे पोर्ट. वरच्यात नखाएवढा वायफायचा यूएसबी अडॅप्टर, खालच्यात डिस्कची जाड केबल. दोघांमध्ये बोटाच्या पेराएवढंही अंतर नव्हतं.

निळा पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. तो सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने बोलतो. हे बिट मुद्दाम विस्कटून पाठवले जातात, त्यामुळे त्यांची विद्युत ऊर्जा एका जागी न साठता रुंद पट्ट्यात पसरते, आणि २.४ गिगाहर्ट्झ त्या पट्ट्यात येतं. केबल, जोड आणि डिस्कच्या डबीतून थोडी ऊर्जा बाहेर गळते. ती फार नसते, दोन हात लांब गेलात की उरतच नाही. पण अडॅप्टरचा अँटेना तिथेच चिकटलेला असेल तर त्याच्या कानात तो सततचा खरखराट होतो. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढलेला त्यांनी मोजला. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. बिनतारी माउस अडखळण्यामागेही अनेकदा हेच असतं. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे, तरी अडॅप्टरच्या खोक्यावर कुणी ती छापत नाही याचं मला नवल वाटतं.

वाचलेलं पटलं म्हणून सिद्ध होत नाही. सिद्ध करायला तीन फेऱ्या केल्या, प्रत्येक वेळी तीच ८ गिगाबाइटची चित्रीकरणाची फाइल डिस्कवर उतरवत. आधी डिस्क काढून पुढच्या बाजूच्या काळ्या, यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये लावली. त्याचा वेग सेकंदाला फार तर ४८० मेगाबिट. फाइल उतरायला चांगलाच वेळ लागला, पण पिंग एकदाही हललं नाही. मग डिस्क परत निळ्या पोर्टात आणि अडॅप्टर दीड मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने उचलून टेबलावर. पिंग ३, ३, ४, ३. मग दोन्ही पुन्हा जुन्या जागी. अर्ध्या मिनिटात ४१०, उत्तर नाही, उत्तर नाही. ही तिसरी फेरी बहुतेक लोक करत नाहीत. चालू झालं की हात जोडून उठतात. पण बिघाड हवा तेव्हा परत आणता आला, तरच तो खरा हाती लागला असं मी मानतो.

ताईला अजून शंका होती, म्हणून फोन घेतला. एरवी तो वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असायचा. त्याला २.४ वर आणला आणि थेट डिस्कच्या केबलवर, निळ्या जोडापाशी टेकवला. आतापर्यंत कधीच न अडखळलेला फोन अडखळला. वीतभर उचलला की सुधारला. तिने तो चार वेळा खालीवर करून पाहिला, आणि पाचव्यांदा स्वतःशीच हसली.

हेही सांगायला हवं की दुसऱ्या घरात हीच तक्रार दुसऱ्याच कारणाने असू शकते. संगणक काही वेळ नुसता पडून राहिल्यावरच वायफाय सुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते तिची खूण काढून पाहावी. इथे मी ती पाहिली होती, पण ऐन वर्गात, डेटा वाहत असताना वीज वाचवायला कोण झोपेल? राउटरचा पिंग नीट आणि बाहेरचा तुटका असेल, तर मात्र कंपनीला खुशाल फोन लावावा, आणि सोबत वेळेसकट फाइल द्यावी. विंडोज स्वतःही वायरलेस जोडणीचा गेल्या तीन दिवसांचा अहवाल काढून देतं. त्यात जोडणी कधी तुटली याचा आलेख असतो. ताईच्या संगणकावर तो अहवाल जवळजवळ कोरा निघाला, कारण बहुतेक वेळा जोडणी तुटतच नव्हती, नुसती मुकी होत होती. अहवालावर विसंबलो असतो तर सगळं आलबेल आहे असाच निष्कर्ष निघाला असता.

कायमची व्यवस्था साधी झाली. अडॅप्टर एक्स्टेन्शन केबलवर, टेबलाच्या कडेला, राउटरच्या दिशेने उभा. केबल आपण मुद्दाम यूएसबी २.० ची घेतली, अडॅप्टरला त्याहून जास्त वेग लागतच नाही. टेबलावर आल्यामुळे त्याला ५ गिगाहर्ट्झही नीट मिळू लागलं. खाली सीपीयूच्या पत्र्यामागे लपलेला असताना तो २.४ लाच धरून बसायचा. राउटरवर दोन पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि संगणकाला ५ चंच नाव सांगितलं. बॅकअप दर तासाऐवजी रात्री एकदा.

पाच दिवसांनी ताईचा फोन. "परत गेलं." माझ्या पोटात गोळा आला. पण आता तिला विचारायचे प्रश्न पाठ झाले होते, आणि मी काही बोलायच्या आत तिने उत्तरं सांगितली: ३:४२ ला, एकदाच, साधारण मिनिटभर, बॅकअप चालू नव्हता, आणि या वेळी फोनही पडला.

फोनही पडला, म्हणजे कारण राउटरपाशी. त्याची नोंदवही उघडली तर ३:४२ ला रडार आढळल्याची ओळ होती. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ ते १४४ या चॅनलांच्या जागेवर रडारही चालतात, म्हणून तिथे राउटरला सतत कान देऊन राहावं लागतं. रडारसारखं काही ऐकू आलं की त्याने ताबडतोब चॅनल सोडायचं, अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं असेल तर बोलण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकायचं. तेच ते मिनिट. राउटरने आपोआप १०० निवडलं होतं. ताईला फोनवर सांगून मी ते ३६ करवलं, त्या चॅनलवर ही अट नाही.

पॉवरशेलची ती खिडकी मी तिच्या संगणकावरून काढली नव्हती. आता तीच ती काढू देत नाही. वर्ग सुरू करण्याआधी ती दोन्ही रकाने बघते, आणि कोणी विद्यार्थी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणाला की त्याला आधी विचारते, "राउटरचा पिंग किती येतोय?"